चिंचेनं घासलेली लोटी

काचेपलीकडे एक हिरवी लोटी दिसली आणि माझ्या हाताला चिंचेचा वास आला. खोटं नाही सांगत. रियाधच्या त्या थंडगार संग्रहालयात उदाच्या आणि नव्या गालिच्यांच्या वासाखेरीज कसलाही वास नव्हता, तरी मी बोटं नाकाशी नेऊन हुंगली. शेजारी माझी लेक जुई उभी होती. तिला वाटलं, आईला चक्कर येतेय. बसतेस का जरा, म्हणाली. आठवा महिना तिला, आणि बसायला सांगतेय मला!

मी लेकीच्या बाळंतपणासाठी आलेय. जुई इथल्या एका हॉस्पिटलात डोळ्यांची डॉक्टर आहे, जावई एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. येताना मेतकूट, अळीव, डिंक, खारकेची पूड आणि माझ्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी असं सगळं बॅगेत कोंबून आणलं. खाण्याचे जिन्नस जुईनं हौसेनं डब्यात भरले. दुपटी काढायला गेले तशी मात्र तिनं माझा हात धरला. "ती राहू दे बॅगेत. नंतर बघू," म्हणाली. तेव्हापासून ती बॅग पलंगाखाली पडून आहे.

गेल्या वर्षी तिचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर हे दिवस. डोहाळजेवण नको, ओटी नको, नावाचा विषय नको. घरात बाळाची एक टोपडीसुद्धा नाही. विषय काढला की मोबाइलमध्ये डोकं. आमच्यात मूल येण्याआधी नवं काही आणत नाहीत हे खरं, पण जुनंही बाहेर काढायचं नाही, ही कुठली रीत? रीत नव्हेच ती, भीती होती. मला कळत होतं आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. दुपारी ती झोपली की मी बॅग ओढायची, दुपट्यांवरून हात फिरवायचा आणि परत आत ढकलायची.

डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलेलं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर पापड भाजावेत, म्हणून चालायचं ते मॉलमध्ये नाहीतर अशा ठिकाणी. त्या दिवशी संग्रहालयात इटलीहून आलेल्या वस्तू मांडल्या होत्या. जुईनं पाटी वाचून मला सांगायला सुरुवात केली की एट्रुस्कन म्हणून लोक होते, रोमचं राज्य मोठं व्हायच्या आधीपासून इटलीत राहायचे. मी म्हटलं, ठाऊक आहे. नवराबायको एकाच बैठकीवर लोळत जेवायचे, बायका पुरुषांबरोबर पंगतीला असायच्या, आणि त्यांची अक्षरं वाचता येतात पण भाषा पुरती कळत नाही. जुई माझ्याकडे बघतच राहिली. आई म्हणजे मेतकूट, एवढीच तिची समजूत. आता तिला सगळं सांगणं आलं, आणि त्यातलं एक सांगावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं.

तर, अल मलाझ, रियाधमधली आमची जुनी वस्ती. परवाच जुईनं मला गाडीतून तिथे नेलं. लेक गाडी चालवतेय आणि मी शेजारी बसलेय, असं त्या काळी रियाधमध्ये कुणी म्हटलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आमची इमारत आता नाही. तिच्या जागी काचेचं काहीतरी उभं आहे. पण गल्लीच्या तोंडाची भट्टी अजून आहे, आणि तमीस रोटीचा तो खरपूस वास गाडीची काच खाली करताच आत आला. मी जुईला म्हटलं, थांब. आम्ही एक रोटी घेतली आणि गाडीतच तोडून खाल्ली.

मी लग्न होऊन देवरुखहून थेट त्या गल्लीत उतरले होते. हे सरकारी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ. दोन खोल्या, आणि खिडकीत एक कूलर, त्याच्या ओल्या गवताचा वास घरभर. सकाळी पाण्याचा टँकर यायचा आणि त्याची नळी जिन्यावर धपधपायची. दुपारच्या अजानला दुकानांची शटरं एकामागून एक खाली येत, आणि मग अशी शांतता पसरे की स्वतःच्या बांगड्या ऐकू याव्यात. वाऱ्याबरोबर धूळ आली की जिभेवर कचकच. मला ते सारं आधी परकं वाटलं, मग सवयीचं झालं, आणि सोडून आले तेव्हा कळलं की ते माझं होतं.

तिथे माझी दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या खेपेला आमच्या इजिप्शियन डॉक्टरीणबाईंनी बोट रोखून सांगितलं, पलंग सोडायचा नाही. खलास! आईला बोलवावं तर तिचा पासपोर्ट नाही, आणि इथे कफिलाची, म्हणजे ज्याच्या जामिनावर आपण राहतो त्याची, सही मिळाल्याशिवाय पान हलत नाही. आईला फोनवर ते समजावताना ह्यांच्या नाकी नऊ आले. ती विचारायची, "हा कफील कोण, तुझा दुसरा सासरा का?" आणि मग दोघी रडायचो. हे कामावर गेले की दिवसभर मी आणि तो कूलर.

समोरच्या दारात लिव्हियाबाई राहायच्या. इटलीच्या. साठीच्या आसपास, उंच, पांढरे केस, नाक असं की तलवार. नवरा कुठल्याशा कंत्राटदार कंपनीत मोठा इंजिनिअर. तोवर आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. पण मी अंथरूण धरल्याचं त्यांना कळलं, कसं कोण जाणे, आणि एका दुपारी त्या वाडगाभर गरम सूप घेऊन आत आल्या ते येतच राहिल्या. किल्ली ह्यांच्याकडून मागूनच घेतली. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. दोन मोडक्यांचं छान जमलं.

आता आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. मला उठायची बंदी, मग हे बिचारे त्या वाडग्यात पोहे, नाहीतर साबुदाण्याची खिचडी घालून द्यायचे. लिव्हियाबाईंना आधी वाटलं, यांना सूप आवडलं नाही म्हणून बदल्यात दुसरं काही देतात. समजल्यावर त्यांनी ती रीत अशी उचलली की मलाच मागे टाकलं. काही नसलं तर ऑलिव्ह तरी. त्या भांड्यांना दोन दारांमध्ये उसंत नव्हती.

वसंतात त्यांचे यजमान ताइफला गेले आणि तिथल्या डोंगरातली गुलाबाची फुलं घेऊन आले. ताइफचा गुलाब दिसायला साधा, गुलाबी, विस्कटलेला, पण वास! खोली भरून जिन्यात उतरतो. लिव्हियाबाईंनी एका छोट्या लोटीत ती फुलं घालून माझ्या उशाशी ठेवली. पाणी घातलं नव्हतं, सुकतील तशी सुकू दे म्हणाल्या. लोटी तळहाताएवढी, कान असलेली, हिरवी-काळी पडलेली. फुलांकडेच बघत होते मी, लोटीकडे कोण बघतंय?

फुलं सुकली तेव्हा लोटी दिसली. आणि मला त्या बाईची दया आली हो. इतकी टापटिपीची बाई, आणि तांब्यापितळेच्या भांड्याला हा कळंक! इटलीत चिंच मिळत नसणार, बिचारीला कोण सांगणार, असं वाटलं. आमच्या घरी दर शनिवारी देवांची उपकरणी चिंच लावून घासायची, ते माझं काम होतं. पडून पडून हात नुसते शिवशिवत होते. सुकलेल्या पाकळ्या मी एका वाटीत काढल्या, ह्यांच्याकडून चिंच भिजत घालून घेतली, मीठ मागितलं, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि लागले घासायला. पलंग सोडायचा नाही म्हणाल्या होत्या ना, मी कुठे सोडला?

कळंक हट्टी होता. पण मीही कोकणातली. दुपार संपेपर्यंत एक बाजू अशी लखलखली की तोंड दिसावं. अस्सल जुनं कासं असावं तसा तांबूस-पिवळा रंग. त्या झळाळीत पोटावर काही ओरखडे वर आले, बारीक, अक्षरांसारखे. कुणीतरी नाव घातलं असेल, आपण भांड्यांवर घालतो तसं. दुसरी बाजू उद्या करू म्हणून ठेवली. पुसली, आणि रिकामी देऊ नये म्हणून काठोकाठ साखर भरली.

लिव्हियाबाई आल्या आणि मी मोठ्या ऐटीत लोटी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली. खुर्चीवर बसल्या. लोटी खिडकीकडे धरून त्यांनी ते ओरखडे बोटानं वाचले, उजवीकडून डावीकडे, इथल्या दुकानांच्या पाट्या वाचतात तसे. मी विचारलं, अरबी आहे का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं, कल्हई गेली वाटतं. मग त्यांनी सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं, कारण पहिल्यांदा कानांवर विश्वास बसेना. लोटी एट्रुस्कन लोकांची, दोन हजार वर्षांहून जुनी होती. त्यांच्या पणजोबांच्या शेतात एका थडग्यात सापडलेली. तो कळंक म्हणजे तिचं वय, आणि ते मी चिंच-मिठानं उतरवून टाकलं होतं. आणि ती अक्षरं? ती त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती, कळंकाखाली झाकलेली होती. पण तोच शब्द त्याच थडग्यातल्या दुसऱ्या एका वस्तूवर होता, म्हणून त्यांना अर्थ माहीत होता. थडग्यासाठी. एवढंच लिहिलेलं.

लोटीचं वाटोळं झालं याचं वाईट वाटायला मला सवडच मिळाली नाही. माझं धाबं दणाणलं. मेलेल्या माणसाचं भांडं इतके दिवस माझ्या उशाशी, माझ्या पोटाशी! दोन गेलेली, हे तिसरं. मी हुंदके देऊन रडायला लागले. हे घरी आले, तर रक्तपेढीत काम करणारा शास्त्राचा माणूस, असं काही नसतं म्हणत म्हणत वाटीतल्या पाकळ्या खाली कचऱ्यात टाकून आला आणि हातपाय धुवून मगच आत. लिव्हियाबाई उभ्या राहिल्या, लोटी ओढणीत गुंडाळली, आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. किल्ली दाराच्या फटीतून आत सरकवलेली ह्यांना सापडली. मी रागावले होते असं त्यांना वाटलं असेल, पण राग कुठला? आता मला कळतं, आपल्यामुळे माझ्या बाळाला काही होईल म्हणून त्या स्वतःच हादरल्या होत्या. तेव्हा मात्र मला एवढंच कळत होतं की दुपार सरत नाही. शटरं पडायची, गल्ली गप्प व्हायची, आणि जिन्यात पाऊल वाजलं की मी मान उचलायची. पोटात जरा काही झालं की घाम फुटायचा. ज्या बाईला बघून भीती वाटायला हवी, तीच नाही म्हणून मला भीती वाटत होती.

त्यांचा एक वाडगा आमच्याकडे राहिला होता. मी ह्यांना शिरा करायला बसवलं. पलंगावरून सूचना देत होते, तरी तो खालून लागलाच. तसा करपट शिरा वाडग्यात घालून ह्यांना समोरच्या दारावर पाठवलं. हे म्हणाले, हे द्यायचं? मी म्हटलं, द्या, पण रिकामं देऊ नका.

लिव्हियाबाई आल्या. तोच वाडगा हातात, धुतलेला, आणि त्यात सुई-दोऱ्याची रिळं. काखेत पांढऱ्या कापडाची घडी. खुर्ची पलंगाला लावून बसल्या आणि त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ह्यांनाही अर्धंच.

त्यांना एक मुलगा झाला होता. त्याआधी काही गेलेली, माझ्यासारखीच. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, या वेळी काही शिवायचं नाही, विणायचं नाही, आणायचं नाही. जणू कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही की मूल येतंय. मुलगा आला. एकच दिवस राहिला. आणि त्याला न्यायची वेळ आली तेव्हा त्याला गुंडाळायला घरचं असं काहीच नव्हतं. दवाखान्याच्या टॉवेलात गेला तो, टॉवेलावर दवाखान्याचा शिक्का.

"मी भ्याले, म्हणून तो वाचला नाही," त्या म्हणाल्या. "फक्त त्याचं स्वतःचं असं काही राहिलं नाही. ज्यांनी ही लोटी ठेवली ना, ते माझ्यापेक्षा शहाणे होते. ते आपल्या माणसाला रिकाम्या हाती जाऊ देत नव्हते. तू तर लोटीलाही रिकामं जाऊ दिलं नाहीस. मग येणाऱ्याला रिकामं का येऊ द्यायचं?"

त्यांनी घडी उलगडली. त्यांच्या लग्नात आईनं दिलेली तागाची चादर, कोपऱ्यात भरतकामानं अक्षरं काढलेली. कात्री घेऊन त्यांनी ती सरळ मधून कापली. मी ह्यांना सांगून ट्रंकेतली माझी जुनी साडी काढायला लावली. त्यांच्या चादरीची झबली, माझ्या साडीची दुपटी. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक, हे मी त्यांना कधीच कबूल केलं नाही.

मग पुढचे काही आठवडे शिवताना त्यांच्या गोष्टी. त्यांचं गाव म्हणजे टेकड्या, द्राक्षमळे, आणि जमिनीच्या पोटात ही थडगी, खोल्याखोल्यांची, घरासारखी. पणजोबांकडे लोखंडी सळई घेतलेले गडी असत. सळई जमिनीत खुपसायची, पोकळ लागली की खणायचं. दर वसंतात युरोपभरचे शौकीन गावात येत. जर्मन प्राध्यापक, इंग्रज सरदार, फ्रेंच व्यापारी, डेन्मार्कचा कुणी दारूवाला. पणजोबा त्यांना भरपेट जेवू घालत, आणि फळं खाऊन झाली की टेबलावरचं कापड काढून त्यावर मेलेल्यांचा संसार मांडत. एका बाईच्या थडग्यातला आरसा एका देशात जाई, डूल दुसऱ्या देशात, तिची थाळी तिसरीकडे कुणा बँकवाल्याच्या दिवाणखान्यात. चित्रं काढलेल्या भांड्यांना मागणी, साध्या काळ्या भांड्यांना नाही. मग काही जमीनदार आपल्या माणसांना सांगत, काळी निघाली तर पायाखाली चुरा करा, बाजारात माल फार झाला तर भाव पडतो. मी ऐकून कपाळाला हात लावला. धुवून ठेवलं असतं तर कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं!

विकत घेणारेही एकेक नमुने. कुणाला फुटकं नको, म्हणून कारागीर एका भांड्याचं डोकं दुसऱ्याच्या धडाला चिकटवून देत. कुणाला हिरवा कळंक गर्द हवा, म्हणून नव्या भांड्यांना आंबट काहीबाही लावून ती मातीत पुरून ठेवत. लिव्हियाबाई हसत म्हणायच्या, सगळ्या युरोपात लोक कळंक चढवत होते, उतरवणारी तूच एक. त्यांच्या घरात ती लोटी उरली ती पणजीमुळे. पणजीनं ती टेबलावर जाऊच दिली नाही, कपाटात मागे सारली, पण तिच्यात खायचं काही कुणी कधी घातलं नाही. थडग्यातलं म्हणून त्यांच्या गावच्या बायकाही भ्यायच्या. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्याच थडग्यातला आरसा उत्तरेकडच्या एका मोठ्या संग्रहालयात आहे. लिव्हियाबाई लहान असताना वडील त्यांना आगगाडीनं तिथे घेऊन गेले होते. काचेवर नाक टेकवून त्या ओरडल्या, हा आमचा आरसा. वडील म्हणाले, नाही बाळ, तिचा. आपण फक्त विकला.

मे महिन्याच्या उकाड्यात जुई झाली. इवलीशी, पण आवाज खणखणीत. तिला पहिलं झबलं घातलं ते त्या तागाच्या चादरीचं, आणि त्याच्या कोपऱ्यावर कुणा इटालियन आईनं काढलेलं अर्धं अक्षर. लिव्हियाबाई जुईला मांडीवर घेऊन बसल्या की दोन दोन तास उठायच्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडात शब्द एकसारखे वाहायचे, सगळे इटालियन, आणि मला त्यातलं अक्षर न अक्षर कळायचं. माझ्या आईच्या जागी देवानं ही बाई धाडली होती. मी तेव्हाही तसं म्हणत होते, आजही म्हणते.

लोटीचं काय झालं, ते मी जुईला हसत हसत सांगितलं. लिव्हियाबाईंचा भाऊ ती विकायच्या मागे लागला होता. एका व्यापाऱ्याला त्यानं तिचा फोटो दाखवला, एक बाजू हिरवी, एक बाजू आमच्या देवघरातल्या घंटेसारखी. व्यापाऱ्यानं हात झटकले. भाऊ गप्प बसला. मग लिव्हियाबाई गावी परत गेल्या तेव्हा त्यांनी ती गावच्या छोट्या संग्रहालयाला देऊन टाकली, थडगं होतं त्या टेकडीच्या पायथ्याशी. फोनवर म्हणाल्या, तुझ्या चिंचेनं तिला घरी पोचवलं. काही वर्षं नाताळला त्यांचा फोन यायचा. मग एका नाताळला आला नाही.

जुई ऐकत होती. ऐकता ऐकता ती पुढच्या काचेपाशी गेली. तिथे एका लहान मुलाच्या थडग्यातल्या वस्तू होत्या. चोच असलेली छोटी मातीची झारी, दूध पाजायची. जुई तिथून हलेना. आणि मी ठरवलं, सांगायचं. टॉवेलाची गोष्ट मी तिला तिथेच, उभ्या उभ्या सांगितली. आठवा महिना, गेल्या वर्षीची जखम, आणि मी आई असून हे काय बोलतेय! पण दुपट्यांची बॅग पलंगाखाली ठेवून ती रोज झोपत होती, ते मला त्याहून भयंकर वाटत होतं.

जुई काचेकडेच बघत म्हणाली, "गेल्या वर्षी मी बुटांचा जोड आणला होता. लोकरीचा. कुणालाच सांगितलं नव्हतं."

"कुठाय?"

"कपाटात. मागे. टाकवला नाही."

मी तिचा हात हातात घेतला, गार पडला होता. म्हटलं, "त्याचा आहे तो. राहू दे त्याचाच. याला दुसरा घेऊ."

जुई रडली. लहानपणी पडली तरी रडायची नाही ही पोरगी, पण त्या थंडगार दालनात, एवढ्या लोकांसमोर, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. एका सौदी बाईनं तिच्या बुरख्याच्या खिशातून कागदी रुमाल काढून दिले आणि काही न विचारता पुढे गेली. मी जुईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. भिऊ नको, असं मी म्हटलं नाही. भीती मलाही वाटत होती.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी घराच्या रस्त्याला लागायच्या आधीच जुईनं वळवली. कुठे, म्हणून मी विचारलं नाही. लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. आमच्यात आधी नवं आणत नाहीत हे जिभेच्या टोकावर आलं होतं, ते मी गिळलं. जुईनं प्रत्येक रॅकसमोर उभं राहून, हात लावून, परत ठेवून, शेवटी बुटांचा एक पिवळा जोड आणि दोन झबली निवडली. गल्ल्यावरच्या मुलीनं ती उचलली, रंगीत कागदाकडे बोट दाखवलं आणि हसून विचारलं, कुणाला भेट द्यायचीय का, छान बांधून देऊ?

"नको," जुई म्हणाली. "आमचंच आहे."